बॅटरीवर आळ

आमची मारुती झेन २००३ सालची. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हौसेने घेतलेली आणि आता माझ्याकडे आलेली. ९९३ सीसीच्या त्या इंजिनाने आजवर कुरकूर केलेली नाही. सिंहगड रोडच्या गर्दीतून वाट काढायला आणि नारायण पेठेत दोन गाड्यांमधल्या फटीत शिरायला मला दुसरी गाडी नकोच आहे. दुखणं होतं ते सुरू होण्याचं. मनात आलं तर पहिल्या सेल्फला, नाही तर ढिम्म. आणि वर्कशॉपच्या दारात नेऊन उभी केली की हमखास पहिल्या सेल्फला.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आमच्या सोसायटीत कुणी बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत समिती जमते. वॉचमनच्या मते उंदीर. त्याने इंजिनाशेजारी तंबाखूची पुडी ठेवायला सांगितली. भाऊजींच्या मते दोष गाडीच्या वयाचा. रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल करायचं, वर पर्यावरण कर भरायचा आणि असली कटकट पोसायची कशाला? विकून मोकळी हो. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या मते मात्र बॅटरी, आणि त्यांच्याकडे पुरावा होता. जंप केबल त्यांची, शेजारी उभी केलेली गाडी त्यांची, आणि जंप दिला की झेन दर वेळी एका फटक्यात सुरू. "दुसऱ्या बॅटरीवर होते, स्वतःच्या बॅटरीवर होत नाही. आता अजून काय हवं तुला?"

तर्क बिनतोड वाटतो. वर्कशॉपलाही तोच पटला आणि ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी बसली. काही आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. त्यावर ते म्हणाले, अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर, उघडून बघू. नंतर म्हणाले, सेल्फच भरून घ्या, म्हणजे स्टार्टर मोटरचं वाइंडिंग नव्याने करा, आतलं फिरतं आर्मेचर गेलं असेल. सगळे अंदाजच, आणि प्रत्येक अंदाजाची किंमत हजारांत.

मी लोकांचे हिशेब लिहिते. ताळेबंद जुळला नाही म्हणून आमच्यात कुणी नवी वही आणत नाही. फरक कुठल्या नोंदीत शिरलाय ते शोधतात. म्हणून वर्कशॉपला थांबायला सांगितलं आणि तपकीर गल्लीत जाऊन मल्टिमीटर घेतला. माझी अट एकच होती, डीसी करंट १० अँपिअरपर्यंत मोजता आला पाहिजे. मी जरा भारीतला उचलला तर दुकानदार म्हणाला, "कशासाठी हवाय?" गाडीसाठी, म्हटलं. "मग हा ठेवा खाली. तो साधा न्या, उगाच पैसे घालवू नका." बुधवार पेठेत गिऱ्हाइकाला कमी किमतीची वस्तू गळ्यात मारणारे दुकानदार अजून आहेत.

मीटर आणि एक छोटी वही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. गाडी रुसली की आधी लिहायचं, मग मदत मागायची. किती वेळ उभी होती, इंजिन गार की गरम, किल्ली फिरवण्याआधी बॅटरीवर किती व्होल्ट, किल्ली फिरवल्यावर आवाज कसला आला, आणि त्या क्षणी आतल्या दिव्याचं काय झालं. हा शेवटचा रकाना मी सहज म्हणून ठेवला होता. सगळ्यात कामाला तोच आला.

बॅटरीचे आकडे लक्षात ठेवायला सोपे असतात. सहा सेलची लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही तास निवांत पडून असेल तर १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ च्या खाली गेली म्हणजे जवळपास उतरलेली. सेल्फ फिरत असताना ती साडेनऊच्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू झालं की अल्टरनेटरने तिला १३.८ ते १४.४ च्या दरम्यान ठेवायचं. एवढं पाठ असलं की पुष्कळ झालं.

वही थोडी भरली आणि माझ्या लक्षात आलं की मी एका नव्हे, दोन वेगळ्या गाड्यांबद्दल लिहीत होते. एक गाडी सोमवारी सकाळी बंद पडायची. दोन-तीन दिवस पार्किंगमध्ये उभी, बॅटरी ११.८, किल्ली फिरवली की सेल्फ कण्हल्यासारखा अर्धा फेरा मारायचा आणि आतला दिवा विझायला आल्यासारखा मंद व्हायचा. दुसरी गाडी संध्याकाळी बंद पडायची. राजाराम पुलापासून धायरीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडत यायचं, दूध घ्यायला दहा मिनिटं थांबायचं, परत येऊन किल्ली फिरवायची तर एकच 'टक'. पुढे काही नाही. आणि बॅटरी? १२.५. दिवा जेमतेम मिचकावून पुन्हा लख्ख. अर्धा-पाऊण तास थांबलं की आपसूक सुरू.

सेल्फ फिरतो तेव्हा शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. एवढा करंट निघाला तर चांगल्यात चांगल्या बॅटरीचा दिवाही स्पष्ट मंद होतो. संध्याकाळी दिवा तसाच राहत होता, म्हणजे बॅटरीकडे कुणी धड मागतच नव्हतं. मधे कुठेतरी वाट अडली होती. सकाळी बॅटरी खरोखरच रिकामी होती. दोन्ही तक्रारींना घरात आम्ही एकच नाव देत होतो, म्हणून एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नव्हता.

आधी सकाळची तक्रार घेतली, कारण ती शोधायला गाडी तापवावी लागत नव्हती. रविवारी दुपारी चिरंजीवांना मदतीला घेतलं. किल्ली काढून ठेवली, दाराच्या बटणावर चिकटपट्टी लावली म्हणजे दार उघडं असलं तरी आतला दिवा बंद राहतो. बॅटरीची निगेटिव्ह क्लॅम्प काढली आणि क्लॅम्प व टर्मिनल यांच्या मधे मीटर लावला, १० अँपिअरच्या सॉकेटवर. अशा वेळी चुकूनही सेल्फ मारायचा नाही. सगळा करंट मीटरमधून जातो आणि त्याचा फ्यूज उडतो.

आकडा स्थिरावला ०.३१ वर. बंद गाडी ३१० मिलिअँपिअर खात होती! इतक्या साध्या गाडीत घड्याळ आणि स्टिरिओची मेमरी मिळून २०-३० जावेत. ५० च्या वर गेलं की शोधायला लागायचं. आता हिशेब मांडा. ०.३१ गुणिले २४ म्हणजे दिवसाला जवळपास साडेसात अँपिअर-अवर. ३५ च्या बॅटरीतून शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ एवढं गेलं तर सेल्फला उरतं काय? मी रोज ऑफिसला जात होते तेव्हाही ही गळती असणारच, पण रात्रीत गेलेले चार-साडेचार अँपिअर-अवर सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्यांत भरून निघायचे. घरून काम सुरू झालं, गाडी उभी राहायला लागली आणि गळती उघडी पडली.

यानंतर सगळे सांगतात तसं एकेक फ्यूज काढत गेलो. ज्याच्यापाशी आकडा पडेल ते सर्किट दोषी. शेवटचा फ्यूज काढला तरी मीटर ०.२९ दाखवत होता. चिरंजीव म्हणाले मीटर खराब आहे. पण त्याचा अर्थ सरळ होता. जे काही खात होतं ते फ्यूज बॉक्सच्या आधीच बॅटरीला जोडलेलं होतं. अशा जागा थोड्याच असतात. अल्टरनेटरची जाड वायर ही एक. आतला डायोड फुटला तर तिथून गळती होऊ शकते. निगेटिव्ह सोडवून ती वायर काढली, टोकाला टेप गुंडाळला, परत मोजलं. फरक शून्य. वर्कशॉपचा अल्टरनेटरवरचा आरोप तिथेच पडला.

मग पॉझिटिव्ह क्लॅम्पच्या बोल्टखाली दबलेली एक बारीक लाल वायर दिसली. काळ्या टेपचं वेटोळं, त्यावर वर्षांची धूळ, मधे काचेच्या फ्यूजची डबी. ती वायर फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, रबरातून आत शिरून गालिच्याखालून ड्रायव्हरच्या सीटखाली जात होती, आणि तिथे एक अ‍ॅम्प्लिफायर बसलेला होता. हात लावला तर कोमट. कुठल्याही स्पीकरला न जोडलेला, कुणीही ऐकत नसलेला, पण जागा. तो बसवला होता भाऊजींनी, कॉलेजात असताना गाण्यांच्या शौकापायी. हो, तेच, गाडी विकून टाका म्हणणारे. पुढे कधीतरी नवा स्टिरिओ बसला, स्पीकर थेट त्याला जोडले गेले आणि अ‍ॅम्प्लिफायरला चालू-बंद करणारी निळी वायर बसवणाऱ्याने अ‍ॅम्प्लिफायरच्याच त्या कायम वीज असणाऱ्या लाल वायरला पिळून टाकली. तेव्हापासून तो झोपलाच नव्हता. काचेचा फ्यूज काढला, मीटर ०.०२ वर आला.

सोमवारच्या सकाळी सुधारल्या. संध्याकाळची 'टक' तशीच राहिली.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या एका बोळात मामांचं दुकान आहे. बोर्ड 'ऑटो इलेक्ट्रिक वर्क्स' असा, आत जेमतेम एक बाकडं, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले सेल्फ आणि अल्टरनेटर. फोनवर मी लक्षणं वाचून दाखवली तर म्हणाले, "बिघाड चालू असताना आणा, ताई. गार गाडीत मला काही सापडायचं नाही." मग मुद्दाम संध्याकाळी सहाला निघाले. दांडेकर पूल, स्वारगेट असं रखडत त्यांच्या दारात पोचेपर्यंत तापमानाचा काटा नेहमीच्या जागेवर आणि बॉनेट हाताला चटका बसेल असं. इंजिन बंद केलं की लगेच नव्हे, दहा मिनिटांनी बॉनेटखालची उष्णता सगळ्यात चढते, कारण पंखा नाही आणि वाराही नाही. मामांनी तेवढ्यात चहा सांगितला. कप रिकामे झाल्यावर किल्ली फिरवली.

टक.

मामा सेल्फकडे गेलेच नाहीत. टक ऐकू येते म्हणजे किल्लीकडून सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचला, हुकूम पोचतोय, त्यामुळे इग्निशन स्विचलाही त्यांनी हात लावला नाही. जंप केबलपैकी फक्त काळी घेतली, एक चिमटा आमच्याच बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा इंजिन उचलायच्या हुकवर लावला. "मारा." पहिल्या सेल्फला सुरू! दुसरी बॅटरी नाही, दुसरी गाडी नाही. बॅटरीपासून इंजिनापर्यंतचं अर्थिंग, म्हणजे करंट परत यायची वाट, गेलेलं होतं.

आणि त्याच क्षणी मला काकांचा पुरावा उलगडला. काका जंप देताना शास्त्राप्रमाणे वागायचे. काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर लावायचा नाही, ठिणगी पडली तर तिथल्या हायड्रोजनने भडका होऊ शकतो. म्हणून ते तो इंजिनाच्या हुकवर लावायचे. म्हणजे त्यांच्या बॅटरीचा निगेटिव्ह आमची बिघडलेली केबल टाळून थेट इंजिनाला मिळायचा. सकाळी त्यांची बॅटरी आमची गाडी सुरू करायची आणि संध्याकाळी त्यांची केबल. दिसायला दोन्ही सारखंच.

मामांच्या दृष्टीने काम संपलं होतं, केबल बदला. मला आकडा हवा होता. घरी मी हीच केबल मीटरच्या बझरवर, म्हणजे तार सलग असली की वाजतो त्यावर, तपासली होती आणि मीटर खुशाल वाजला होता. वाजणारच. बझर मोजतो तो मिलिअँपिअरच्या करंटवर. शंभरातली एक तार शाबूत असली तरी त्याला पुरते. सेल्फच्या शंभर अँपिअरला ०.०१ ओहमचा विरोधसुद्धा एक व्होल्ट खातो, आणि एवढा विरोध साध्या मीटरवर दिसतच नाही. म्हणून अशी केबल मोजायची ती काम करत असताना, तिच्या दोन टोकांमध्ये व्होल्ट लावून. इंजिनाने पकडू नये म्हणून कॉइलचा सॉकेट काढला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, शिशाच्या खुंटावरच, क्लॅम्पवर नव्हे. दुसरं गिअरबॉक्सच्या घासलेल्या बोल्टवर. मामांच्या पोराने किल्ली फिरवली. टक, आणि मीटरवर आठच्या आसपासचा आकडा. ०.२-०.३ च्या वर जायला नको तिथे बारातले आठ व्होल्ट वाटेतच संपत होते.

"कुठे खातंय ते काढा की आता," मामा म्हणाले. त्यांनाही रस यायला लागला होता. टोक पुढे पुढे सरकवत गेलो. खुंट ते क्लॅम्प, काही नाही. क्लॅम्प ते केबलची तार, काही नाही. केबलच्या दुसऱ्या टोकाशी, गिअरबॉक्सजवळ, वेष्टनातून पिन घुसवून तार ते थिंबल, म्हणजे बोल्टखाली दाबायचं टोकाचं कडं, असं मोजलं. जवळजवळ सगळे व्होल्ट त्या दोन इंचांत.

मामांनी कटरने रबर चिरलं. बाहेरून केबल काळीभोर, धडधाकट. आत तांब्याच्या जागी हिरवट-पांढरी भुकटी, नखाने खरवडली तर गळून पडणारी. मधे दहा-बारा तारा अजून तांबूस होत्या, आणि थिंबलच्या दाबलेल्या नळीत त्या चक्क हलत होत्या. गार असताना एवढ्यावर भागायचं. तापलं की सांधा सैल पडायचा, विरोध वाढायचा, सेल्फने ओढ घेतली की आणखी तापायचा.

मग त्यांनी मला अ‍ॅक्सिलरेटर केबलच्या आवरणाला हात लावायला सांगितला. इंजिनाच्या बाजूला नव्हे, बॉडीच्या बाजूला. गरम. "करंट परत जायला वाट शोधतोच," म्हणाले, आणि बोट दाखवलं त्या ठिकाणी इंजिनापासून बॉडीला जोडणारी जाळीची पट्टी असायला हवी होती. बोल्ट होता, पट्टी नव्हती. कधीतरी गिअरबॉक्स उतरवताना कुणीतरी काढली आणि परत बसवायची राहिली. ती असती तर जाड केबल सडूनही गाडीने इतका त्रास दिला नसता.

नवी केबल त्यांनी समोर बसून बनवली. २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची, कथिलाचा मुलामा दिलेली थिंबलं, हातोडीने न ठोकता प्रेसमध्ये दाबलेली, वर आकसणारी नळी गरम करून बसवलेली. गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासली, दातेरी वॉशर, बोल्ट आवळला आणि मग वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून बोल्ट आवळणाऱ्यांवर मामांचा विशेष राग आहे. जाळीची पट्टीही नवी टाकली. केबल, पट्टी आणि मजुरी मिळून हजाराच्या आतच. सेल्फ भरण्याचा अंदाज त्याच्या कितीतरी पट होता.

परत मोजलं तर सेल्फ फिरताना ०.१५. पण मला जास्त बोलका वाटला तो दुसरा आकडा. येताना, केबल बदलण्याआधी, दिवे आणि पंखा लावून बॅटरीवर चार्जिंग १३.५ होतं, आता त्याच लोडवर १४.१. अल्टरनेटर इंजिनावरच बसतो, त्याचं अर्थिंगही त्याच सडक्या केबलमधून बॅटरीकडे यायचं. म्हणजे एकीकडे अ‍ॅम्प्लिफायर रात्रंदिवस खात होता आणि दुसरीकडे तेवढं भरून काढणारी वाटच चोंदलेली. दोन वेगळे बिघाड खरे, पण एकमेकांना सामील. नवी बॅटरी काही आठवड्यांत का दमली ते यातून कळलं. जुनी तर वर्कशॉपने बायबॅकमध्ये नेली; तिच्यात मुळात दोष होता की नाही हे कळायला आता मार्ग नाही.

काकांना मी काळ्या चिमट्याची सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे केबल माझी चांगली आहे म्हणायची."

मीटर हातात आला की माणूस थांबत नाही. परवा हेडलाइटच्या सॉकेटवर मोजलं. बॅटरीवर १४.१ असताना बल्बपर्यंत सव्वाअकराच पोचतायत. दोन्ही बल्बचा करंट अजून स्टिअरिंगच्या दांडीवरच्या त्या जुन्या स्विचमधून जातो. कात्रजच्या घाटात रस्ता का दिसत नाही याचं उत्तर तेच असावं. त्या स्विचवरचा भार काढून घेणारे दोन रिले, सिरॅमिक सॉकेट आणि फ्यूजच्या डब्या नाना पेठेतून आणून ठेवल्यात, पावसाळ्याआधी बसवायच्या आहेत. भाऊजी मदतीला येतो म्हणालेत. त्यांना टॉर्च धरायला सांगणार आहे.